पाटी कोणी लावली

बस वळणावर मंदावली तेव्हा खिडकीतून वहिनीला आधी ट्रकांच्या पाठी दिसल्या. एक, दोन, पाच, नऊ. पुढे तिने मोजणं सोडलं. तिच्या डिझेल पंपात शिरायच्या वाटेवर ट्रक आडवे, बाहेर पडायच्या वाटेवरही आडवे.

"बाई, तुमच्या दारात आज बाजार भरलाय," कंडक्टर म्हणाला.

"मलाही आत्ताच कळतंय," ती म्हणाली आणि पिशवी सावरत उतरली.

काल दुपारपासून ती शहरात होती. तेल कंपनीच्या साहेबांनी सगळ्या पंपमालकांना बोलावलं होतं. डिझेलचा भाव कसा ठरतो ते समजावून सांगण्यासाठी! पडद्यावर मोठं रंगीत वर्तुळ होतं आणि त्याच्या केकसारख्या फोडी केलेल्या. ही कच्च्या तेलाची, ही शुद्धीकरणाची, ही वाहतुकीची. कराची फोड एवढी मोठी की साहेबांना ती दाखवायला दोन पावलं बाजूला सरकावं लागलं. "हे अगदी सोपं आहे," असं ते तीनदा म्हणाले. एका म्हाताऱ्या पंपमालकाने विचारलं, मागे जगात तेल स्वस्त झालं तेव्हा आपल्याकडे का नाही झालं? साहेब म्हणाले, तेव्हा कर वाढला होता. मग आता तेल महागतंय तर कर उतरेल का? साहेब पाणी प्यायले.

वहिनीने सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. रात्री मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी बसमध्ये वही उघडली, तर स्वतःच्याच अक्षराचा अर्थ लागेना. एक गोष्ट मात्र पक्की कळली होती. पंपवाल्याचं कमिशन लिटरमागे बांधलेलं असतं. भाव चढो की उतरो, तिच्या पदरात पडायचं तेवढंच पडतं. हे भाऊजींना कसं सांगायचं याची तिने बसमध्ये मनातल्या मनात दोनदा उजळणीही केली होती.

आणि आता भाऊजीच समोर होते. सर्वात पुढच्या ट्रकच्या बंपरवर उभा, शर्टाच्या बाह्या वर सारलेला, तिचा धाकटा दीर ट्रकवाल्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी म्हणून ओरडत होता, "टाकी उघडल्याशिवाय एकही गाडी हलणार नाही!" त्याच्या शेजारी त्याची बहीण उभी होती. ती शाळेत भूगोल शिकवते, म्हणून घरात तिला सगळे मास्तरीणबाईच म्हणतात. भावाला आवरायला आलेली दिसत होती, पण उभी भावाच्या बाजूला होती.

वहिनीने मान वर करून पाहिलं. यंत्रांच्या मधल्या खांबावर पाटी लटकत होती. 'डिझेल संपले.'

"काय झालं भाऊजी?"

"काय झालं हे तुम्ही विचारताय?" धाकटा खाली उतरला. "काल संध्याकाळी सातला ही पाटी लागली. आज सकाळी सहाला भाव वाढला. मधल्या वेळात अकरा गाड्या परत पाठवल्यात तुमच्या माणसांनी, बाकीच्या रात्रभर इथेच अडकल्यात. योगायोग म्हणायचा का हा?"

"संपलं असेल म्हणून लागली असेल पाटी."

"तर तर! काल स्वस्तात घेतलेलं आज महागात विकायचं, त्याआधी थोडं संपावंच लागतं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि चारजण हसले.

हसला नाही तो पैलवान. हा माणूस वीस वर्षांपूर्वी वहिनीच्या सासऱ्यांच्या, आबांच्या हाताखाली स्टिअरिंग धरायला शिकला होता. त्याच्या ट्रकच्या फळ्यांमधून पाणी ठिबकत होतं, टायरांखाली थारोळं साचलं होतं. बंदरावरच्या मासेवाल्यांसाठी तो बर्फाच्या लाद्या घेऊन निघाला होता. टाकीत पुढच्या पंपापर्यंत पोचण्याइतकंही डिझेल नव्हतं, म्हणून रात्र इथेच काढली.

"वहिनी," तो म्हणाला, "मला भांडायचं नाही. मला फक्त सांगा, भाव का वाढला? कोणाला विचारलं की तो वर बोट दाखवतो. वरच्याला विचारलं की तो आणखी वर. मी आकाशाकडे बघून गाडी चालवू का?"

मास्तरीणबाईला राहवलं नाही. "हे बघा, तेल समुद्रापलीकडून येतं. तिथे एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिच्यातून जहाजं जातात. तिथे जरा खुट्ट झालं की जहाजं अडकतात, विमा महागतो, आणि मग..."

"मग त्या जहाजात डिझेल कोण भरतं, बाई? त्यांना कोणत्या भावानं देतात?" पैलवानाने विचारलं.

वर्गात हा प्रश्न मास्तरीणबाईला कोणी विचारला नसावा.

कालच्या वर्तुळातली एकही फोड वहिनीला इथे वाढता येईना. "कमिशन बांधलेलं असतं हो, भाव वाढला तरी मला जास्त काही मिळत नाही," असं ती म्हणाली खरी, पण ते तिच्या स्वतःच्याच कानाला खोटं वाटलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस असंच काहीतरी बोलतो.

धाकटा हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा असता तर त्याने असं केलं नसतं."

ते वाक्य नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि महिन्याभरात आबांनी वाटणी केली. पंप थोरल्या सुनेला, दोन्ही ट्रक धाकट्या मुलाला. तेव्हा तराजूचा काटा मधोमध होता. वाटणी करावी तर अशी, म्हणून लोक दाखला द्यायचे. मग डिझेल चढायला लागलं. दर वाढीला धाकट्याला वाटायचं, आपल्या ताटातला घास उचलून कोणीतरी वहिनीच्या ताटात ठेवतंय. तिच्या ताटात तो घास कधी आलाच नाही. तो मधल्या मधे कुठे जात होता ते तिलाही माहीत नव्हतं.

"ठीक आहे," ती मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांसमोर टाकीत मोजायची सळई टाकते. टाकीत डिझेल निघालं तर मी चोर. नाही निघालं तर गाड्या काढायच्या."

पंपावरचा जुना माणूस, ज्याला सगळे मामा म्हणत, घाईघाईने पुढे आला. "वहिनी, आधी आत चला ना जरा. चहा घ्या. प्रवासातून आलात."

"चहा नंतर. सळई आण."

"अहो, पण..."

"आण म्हणते ना!"

मामाने आकडे कोरलेली लांब पितळी सळई आणली. वहिनीने पदर खोचला, जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडलं आणि सगळे गोल करून बघत असताना सळई सरळ आत सोडली. तळाला टेकल्याचा बारीक आवाज झाला. तिने ती वर ओढायला सुरुवात केली. टाकी रिकामी असती तर सळईची खालची फक्त चार बोटं ओली निघाली असती. सळई वर येत गेली, येत गेली, आणि ओलावा तिच्या कमरेइतका चढलेला दिसला.

पैलवानाच्या ट्रकमधून पाणी पडण्याचा आवाज तेवढा येत होता.

"बोला," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता; उलट तो थोडा घाबरल्यासारखा वाटला. वहिनी खरी निघेल अशी त्यालाही आशा होती की काय, कोण जाणे.

वहिनीने सळईकडे पाहिलं, मग मामाकडे. मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"दहा मिनिटं द्या मला," ती गर्दीला म्हणाली. "पळून जात नाही. भाऊजी, तुम्ही आत या. वन्सं, तुम्हीही."

ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर कॅलेंडर आणि मागच्या खोलीकडे जाणारं दार. मास्तरीणबाईने बाहेरचं दार लावून घेतलं. काचेला नाकं लागलेली दिसत होती.

"मामा, पाटी कोणी लावली?"

"मला नका विचारू, वहिनी."

"तुला नको विचारू तर कोणाला? पाटी काय चालत जाऊन खांबावर बसली?"

मामाने नुसती नजर उचलली. ती नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि तिथेच थांबली.

दारात आबा उभे होते. सकाळपासून ते आत खाटेवर बसून होते. बाहेर एवढा गोंधळ चालला होता तरी आले नव्हते. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात लागलं होतं.

"मी लावली," ते म्हणाले.

धाकट्याने आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाला, "तुम्ही? का?"

"तू फोन नव्हता का केलास?"

"मी?"

"उद्या भाव वाढणार म्हणतात, दोन्ही गाड्यांपुरतं राखून ठेवा, रात्री येतो, असं कोण म्हणालं? का तेही मीच म्हणालो?" आबा खुर्चीवर टेकले. "संध्याकाळी रांग लागली. बातमी तुला लागली तशी जगाला लागली होती. जो तो टाकी गळ्यापर्यंत भरायला लागला. असंच चाललं असतं तर तुला थेंब उरला नसता. म्हटलं, पाटी लावतो. तू येशील, भरशील, मग काढतो. बसलो वाट बघत. तू आलाच नाहीस."

"टायर फुटला आबा. दोनदा."

"मला काय माहीत? मला वाटलं आता येतो, मग येतो. पहाटे डोळा लागला."

"आणि मी सकाळी आलो, पाटी बघितली," धाकटा हळूहळू म्हणाला, "आणि मला वाटलं वहिनींनी..." पुढचं वाक्य त्याने गिळलं.

आबा मात्र उत्साहाने पुढे वाकले. "मग आता घे ना! तुझ्यासाठी कालच्या भावातलं ठेवलंय."

"आबा, टाकीत कालचं आणि आजचं वेगळं नसतं," वहिनी म्हणाली. "सहा वाजता यंत्रातला भाव आपोआप बदलतो."

"आपोआप? मामा सहाला यंत्रापाशीच होता. कोणी आलं नाही, कोणी यंत्राला हात लावला नाही. मग बदलला कोणी?"

"वरून बदलतो."

"वरून म्हणजे कुठून?"

आबांच्या काळी भावाचा आकडा फळ्यावर खडूने लिहायचे. वाढला तर लिहिणाऱ्याला तरी चार शब्द सुनावता यायचे. आबा टेबलावरच्या फोनकडे असे बघत राहिले की जणू त्या फोननेच त्यांना फसवलं होतं.

वहिनीला राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. आबांवर? त्यांनी पोटच्या पोरासाठी केलं. भाऊजींवर? त्यांनी जे मागितलं ते कोणीही मागितलं असतं. आणि ती स्वतः तेव्हा शहरात बसून रंगीत वर्तुळ बघत होती.

मास्तरीणबाई भानावर आली ती आधी. "हे बघा, यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. आबांचं नाव नाही, याच्या फोनचं नाव नाही. यंत्र बिघडलं होतं म्हणून पाटी लावली, असं सांगायचं. वहिनी, तू सांग. पंप तुझा आहे."

"म्हणजे यंत्राची काळजी मी घेतली नाही, असं सांगायचं."

"चूक परवडते गं. चोरी नाही परवडत."

"आणि चूक माझीच का?"

मघाशी मास्तरीणबाई बंपरजवळ भावाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती हे दोघींनाही आठवत होतं. वहिनीने दिराकडे पाहिलं. एक शब्द हवा होता तिला त्याच्याकडून. नाही, वहिनींनी नाही सांगायचं, एवढा जरी बोलला असता तरी तिने यंत्र काय, अख्खा पंप बिघडला म्हणून सांगितलं असतं. धाकटा कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होता.

बाहेर गलका वाढला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आबांची खुर्ची रिकामी आहे आणि दार उघडं आहे.

आबा खांबाशी जाऊन पोचले होते. त्यांनी वर हात करून पाटी काढली, काखेत धरली आणि म्हणाले, "ही मी लावली. सुनेचा काही संबंध नाही. ती गावात नव्हती."

समोर चाळीस माणसं होती. त्यातली निम्मी कधी ना कधी आबांच्या हातचा धपाटा खाऊन क्लच सोडायला शिकली होती.

"का आबा?" पैलवानाने विचारलं.

आबांनी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं नाही. दारात धाकटा येऊन उभा होता हे त्यांना ठाऊक असावं, म्हणूनच पाहिलं नाही. "लोभ सुटला," ते म्हणाले. "म्हातारपणी सुटतो माणसाला. वाटलं, आज धरून ठेवावं, उद्या चार पैसे जास्त येतील."

आबा लोभी? चहाचा कप विसळून परत देणारा हा माणूस! लाज वाटायला हवी होती वहिनीला, पण तिला त्यांचा अभिमानच वाटला. आणि त्याच वेळी मनाचा एक कोपरा चरफडत होता की या घरात धाकट्याला पदराआड घालायला अख्खं घर धावतं.

पैलवान जवळ आला. "माझा अर्धा माल तुमच्या लोभापायी वितळला. तुम्ही शिकवलंत मला, म्हणून शिवी देत नाही."

"तू नको देऊस, मी देतो!" मागून एकजण ओरडला आणि त्याने दिली. एका म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच पंपावर, आईवरून.

आबांनी मान खाली घातली, पाटी छातीशी घट्ट धरली आणि पुढची शिवी ऐकायला तयार होऊन उभे राहिले.

"थांबा!" धाकटा गर्दी चिरत पुढे आला. त्याचा आवाज फाटला होता. "त्यांना नाही, मला द्या. मी फोन केला होता. माझ्या गाड्यांसाठी राखून ठेवा म्हणून मी सांगितलं. पाटी त्यांनी माझ्यासाठी लावली."

"गप रे," आबा पुटपुटले.

"नाही गप बसत."

मग एका ट्रकवाल्याने सावकाश विचारलं, "म्हणजे सेक्रेटरीसाहेब, तुमच्या टाकीसाठी आम्ही रात्रभर डास मारले? आणि सकाळपासून घोषणाही तुमच्याच मागून दिल्या?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं ते हसू होतं. दोघे-तिघे आणखी हसले, एकजण थुंकला आणि माणसं पांगली. इंजिनं सुरू झाली. ट्रक एकेक करून मागे सरकले, वळले आणि गेले. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी डिझेलही भरलं नाही. वहिनीला चोर म्हणणाऱ्यांपैकी एकही तिच्याकडे वळला नाही. तिच्यावरचा आळ गेला होता. पण गेला म्हणून कोणी तिला सांगितलं नाही.

धाकट्याच्या गाडीशिवाय पैलवानाचा ट्रक तेवढा राहिला, कारण तो हलू शकत नव्हता. मामाने नळी लावली.

"कालच्या भावानं घे, पैलवान," वहिनी म्हणाली.

"नको. उद्या दुसरा येईल आणि विचारेल, त्याला का दिलं. मग तुम्ही काय सांगणार?" त्याने पूर्ण पैसे मोजले. केबिनमध्ये चढताना तो आबांसमोर घुटमळला आणि मग त्याने दार ओढून घेतलं. ट्रक गेला तिथपर्यंत रस्त्यावर पाण्याची रेघ उमटत गेली.

दुपारचं ऊन यंत्रांवर आलं होतं. धाकटा यंत्राशेजारच्या कट्ट्यावर डोकं धरून बसला होता. मास्तरीणबाई त्याच्याजवळ गेली, परत आली, पुन्हा गेली. कोणत्या बाजूला उभं राहायचं ते तिला आता ठरवता येत नसावं.

वहिनी कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मनात काही ठरलेलं नव्हतं. शब्द आधी बाहेर आले, विचार मागून.

"भाऊजी, ही वाटणी मोडू या."

धाकट्याने मान वर केली.

"पंप आणि गाड्या एकत्र. अर्धं तुमचं, अर्धं माझं. भाव वाढला तर दोघांचा वाढेल."

"वहिनी, अगं जरा विचार कर," मास्तरीणबाई म्हणाली.

"विचार करून केलेल्या वाटणीनं काय झालं ते बघितलंच आपण."

आबा खांबाला टेकून ऐकत होते. त्यांचा चेहरा पडला. "सूनबाई, मी केलेली वाटणी आहे ती. माझ्या डोळ्यांदेखत नका मोडू."

"तुमच्या डोळ्यांदेखतच मोडायची आहे, आबा. तुमच्यामागे मोडली तर भांडण म्हणतील लोक."

आबांना यावर रागवावं की काय ते कळेना. ते नुसते "हं" म्हणाले आणि चुकीच्या काजात लागलेलं बटण काढून बरोबर लावू लागले.

संशय धाकट्याच्या डोळ्यांतून पुरता गेला नव्हता. "यात तुमचा फायदा काय?"

तिने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. "सापडत नाही हो," ती म्हणाली. "पण आज मी त्या टाकीशी एकटी उभी होते. तसं परत उभं राहायचं नाही मला. तुम्हालाही राहू द्यायचं नाही."

"लोक माझ्याशी बोलतील का आता? पंपावर बसलो तर?"

"बोलतील. गोड नाही बोलणार."

तो उठला, स्वतःच्या ट्रककडे चार पावलं गेला, किल्ली हातात उडवत थांबला. मग वळून म्हणाला, "बरं. उद्या सहाला येतो."

"पावणेसहाला या," वहिनी म्हणाली. "शिव्या सहाला सुरू होतात."